तिसऱ्या नाटकाचं नेपथ्य

हंगामाची यादी हॉलबाहेरच्या फलकावर लावायला आठ दिवस उरले होते आणि यादीतली तिसरी ओळ अजून कोरी होती. तेवढ्यासाठी रविवारी दुपारी सगळे जमले. सगळे म्हणजे घरचेच. मंडळात तीसेक माणसं होती, पण कुठली नाटकं करायची हे अण्णांच्या काळापासून घरातच ठरत आलं होतं. अण्णांनी मंडळ काढलं, वाढवलं, आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांच्या पद्धतीत कुणी बदल केला नव्हता. बाकीच्यांना ते सोयीचंच वाटत असावं.

हॉल म्हणजे एके काळचा बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड. बाहेर ऊन कितीही तापलेलं असो, आत पाऊल टाकलं की कपाळावर कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं वाटायचं. उंचावरच्या झरोक्यांतून उजेडाचे तीन पट्टे खाली यायचे आणि दुपारभर रिकाम्या खुर्च्यांवरून सावकाश सरकत राहायचे. त्यांच्याकडे बघत बसलं की आत्याला हमखास पेंग यायची. आजही येत होती. मांडीवर कोटाचं अस्तर, तोंडात चार टाचण्या, आणि समोर धाकटा भाऊ पहिल्या नाटकाची गोष्ट सांगत होता. त्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता.

"...मग तो या दारातून आत, ती त्या दारातून बाहेर, आणि सासरा नेमका मधल्या दारात."

हे धाकटे म्हणजे घरातले काका. दातांचे डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष, आणि गेली वीस वर्षं प्रत्येक नाटकाचे नायक. अर्ध्या प्रेक्षकांचे दात त्यांच्या हाताखालून गेले होते. पुढच्या रांगेत कोण हसतंय हे त्यांना चेहऱ्यापेक्षा दाढेवरून आधी कळायचं.

"एकूण दारं किती?" दादांनी विचारलं.

"पाच. शिवाय एक खिडकी. तिच्यातून मी पडतो."

"कितव्या अंकात?"

"दुसऱ्या. पण या वेळी जपून हं, दादा. मागच्या खेपेला खाली गादी ठेवायला विसरला होतास."

"विसरलो नव्हतो. तू चुकीच्या खिडकीतून पडलास."

आत्याला हसू आलं, पण टाचण्यांमुळे ते नाकातूनच बाहेर पडलं. अण्णांच्या तीन मुलांत ती थोरली. मधले दादा, सुतार. स्वतःच्या कारखान्यात लोकांची कपाटं आणि पलंग करायचे, आणि अडतीस वर्षं या मंचावरचं प्रत्येक घर त्यांनीच उभं केलं होतं. आताही धाकट्याचं बोलणं संपायच्या आत त्यांनी हातातल्या कागदाच्या पाठीवर पाच चौकटी आखून टाकल्या होत्या. दार काढताना त्यांची जीभ ओठाच्या कोपऱ्यात यायची. शाळेत असताना पाटीवर काढायचे तेव्हाही यायची.

दुसरं नाटक मुलांचं होतं, त्यात एक बोलकं झाड होतं. ते पाच मिनिटांत मंजूर झालं. मग काडी उठून उभी राहिली.

काडी म्हणजे दादांची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा इतकी बारीक होती की आत्यानंच हे नाव ठेवलं, आणि एकोणतीस वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं. जमिनींची मोजणी करणाऱ्या खात्यात नोकरी. दिवसभर मोकळ्या रानात दुर्बीण लावून उभं राहायचं आणि जिथं काहीच नाही तिथं हद्दी शोधायच्या. यंदा पहिल्यांदाच ती एक नाटक बसवणार होती. ते गेल्या वर्षीच ठरलेलं होतं. कुठलं, एवढंच राहिलं होतं.

"एक बाप आहे आणि त्याच्या दोन मुली," ती म्हणाली. "नदीकाठी नावेची वाट बघतायत."

"बरं. मग?" काका म्हणाले.

"एवढंच."

"नाव येते ना?"

"नाही येत."

काकांनी चष्मा काढून पुसला. "लिहिलंय कुणी?"

"आमच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी. थोडं वाचू का?"

तिनं वाचलं. मोठी मुलगी बापाला विचारते की आपण इथं कधी आलो, आणि बाप म्हणतो, तू लहान होतीस तेव्हा. मग धाकटी सांगते की तिला काल आई पलीकडच्या काठावर धुणं वाळत घालताना दिसली, आणि मग तिघंही ते कपडे समोर वाऱ्यावर हलत असल्यासारखं बराच वेळ बोलत राहतात. हा परकर, हा निळा, हा तुझा. काडीचा आवाज मोठा नव्हता. तरी आत्याची सुई हातातच राहिली. उजेडाचा पट्टा दुसऱ्या रांगेतून तिसऱ्या रांगेत गेला आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

वाचून झाल्यावर दादांनी कानामागची पेन्सिल काढली. "चांगलं आहे," ते म्हणाले. त्यांच्याकडून हे फार झालं. "नेपथ्य काय म्हणतेस?"

"काही नाही."

"अजून ठरलं नाही?"

"ठरलंय, बाबा. काहीच नाही. रिकामा मंच."

"मागे पडदा तरी?"

"पडदाही नको. विटांची भिंत आहे तशी दिसू दे."

"आणि नदी?"

"ते तिघं बघतील तिकडे असेल."

दादांनी पेन्सिल कागदावर ठेवली. पाच दारांच्या शेजारी त्यांनी एक नाव काढायला घेतली होती, तिची नुसती कड झाली होती. "मग मी काय करायचं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखाद्या अनोळखी घरी जाऊन कुठं बसू असं विचारावं तसं त्यांनी ते विचारलं.

"तुम्ही या वेळी समोर बसून बघा की," काडी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की हे बोलायला नको होतं.

दादांनी कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली. खिशातून नेपथ्याच्या गोदामाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पाच दारंही मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या," ते म्हणाले, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं बाहेर निघून गेले. अडतीस वर्षांत हॉलमधून सगळ्यांत आधी बाहेर पडायची त्यांची ही पहिलीच वेळ.

*

काकांच्या मनात आलं ते असं: पाच दारं नसतील तर पहिलं नाटकही नाही, आणि मग खिडकीतून पडायचंही नाही. पडण्याचा सराव त्यांनी दवाखान्यात सुरूसुद्धा केला होता, दोन रोग्यांच्या मधल्या वेळात.

"काडे, लावलीस ना काडी," ते म्हणाले. "अगं, त्याला जरा विश्वासात घ्यायचं होतं आधी."

"आधी सांगितलं असतं तर आधी उठून गेले असते," काडी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"माझं ऐक. दिवाणखान्याचं एखादं नाटक घे. जिना घे. त्याला जिने करायला आवडतात. काय ताई?"

आत्यानं टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "मला विचारशील तर दादाचं बरोबर आहे. आज म्हणते भिंती नकोत. उद्या म्हणेल कपडे नकोत, घरच्याच साड्या नेसून या. मग मी पण किल्ली ठेवते."

"आत्या, उलट आहे," काडी म्हणाली. "मंचावर दुसरं काहीच नसेल तर लोक दीड तास बघणार काय? तुझे कपडे. बाह्या कुठं विरल्यात, गुडघ्यावर कुठं ठिगळ आहे, सगळं. आजवर तुझं काम सोफ्याच्या मागे झाकलं जायचं."

आत्यानं मांडीवरचं अस्तर उलटून पाहिलं. सोफ्याबद्दल ती स्वतःच कितीदा बोलली होती. "सुती लागेल," ती अखेर म्हणाली. "जुनं सुती. धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते नवं आणून होत नाही."

"ताई," काका म्हणाले.

"मी नुसतं सांगितलं."

"बरं, ते जाऊ दे. बापाचं काम कोण करणार आहे यात?"

"तुम्हीच. अजून कोण?" काडी म्हणाली.

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "संवाद किती?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत तो मंचावरच आहे. एकदाही बाहेर जात नाही."

"एकदाही?"

"एकदाही."

"म्हणजे तसं पाहिलं तर," काका हळूहळू म्हणाले, "रिकाम्या मंचाचीही एक गंमत असते. नटावर सगळं येतं."

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हसलं. काडीची आई. तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्त झाल्यापासून प्रयोगाच्या दिवशी दारावर तिकिटं बघायची, आणि एरवी या सभांना मागे बसून सगळ्यांसाठी थर्मासातून चहा ओतायची. ती पुढे आली, टेबलावरची किल्ली उचलून तिनं पदराच्या टोकात बांधली. "पाच मिनिटांत दोघंही फुटलात," ती म्हणाली. "घ्या, चहा घ्या."

*

घरी दादा कपाटाच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवत होते. त्या बिजागऱ्यांना काहीही झालेलं नव्हतं. आईनं ते पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात काडीजवळ येऊन बसली. काडी वाटाणे सोलत होती, आणि टरफलांच्या ढिगात वाटाणे अन् वाटाण्यांत टरफलं टाकत होती.

"मी दुसरं नाटक घेते," काडी म्हणाली. "दिवाणखाना, जिना, काय हवं ते. मला नाही त्यांना असं बघवत."

आईनं भांडं आपल्याकडे ओढून वाटाणे निवडायला घेतले. "तुझे बाबा एकदा मंचावर उभे राहिले होते, माहीत आहे?"

"बाबा?"

"सतरा वर्षांचे होते. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तुझ्या आत्यानं सांगितलं मला, त्यांनी नाही. अण्णांनी त्यांना एक वाक्य दिलं होतं. दारात यायचं आणि म्हणायचं, पाहुणे आलेत, आत घेऊ का? बस. तेव्हा भिंती कापडाच्या असायच्या, दारही कापडावर रंगवलेलं. यांनी येऊन दाराला हात लावला तर सगळी भिंतच पोट फुगल्यासारखी पुढे आली. लोक हसायला लागले. मोठ्यानं. यांच्या तोंडून वाक्य काही निघेना. शेवटी अण्णांनीच आतून म्हटलं, पाहुणे आलेले दिसतात."

काडीचे हात थांबले.

"त्यानंतर महिन्याभरानं हे हातगाडीवर घालून एक लाकडी दार घेऊन गेले हॉलवर. चौकटीसकट. स्वतः केलेलं. अण्णांनी ते चार वेळा उघडून बंद करून पाहिलं आणि काही न बोलता आत ठेवून घेतलं. तेव्हापासून हे दारं करतायत. आणि मंचावर परत कधी पाऊल टाकलं नाही, प्रयोग चालू असताना."

बाहेरच्या खोलीत पेचकस फिरल्याचा आवाज आला, मग थांबला.

"मला हे कुणी का सांगितलं नाही?"

"तू विचारलं नाहीस. तू तरी त्यांना सांगितलंस का, तुला रिकामा मंच कशासाठी हवाय ते?"

"त्यांनी कुठं विचारलं."

"एकाच लाकडाचे आहात दोघं," आई म्हणाली. "नाटक सोडायचं असेल तर सोड, माझी ना नाही. पण त्यांच्यासाठी सोडलंस असं त्यांना कळलं तर ते त्यांना सहन व्हायचं नाही. तेवढं बघ."

*

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर बायकोनं किल्ली दादांपुढे ठेवली. "तुमची हत्यारं आहेत तिथं," ती म्हणाली. "ती तरी घेऊन या. परक्याच्या हातात पडायला नकोत."

गोदाम मंचाच्या मागे होतं, पूर्वी बर्फाच्या लाद्या रचून ठेवायचे त्या खोलीत. दादांनी दिवा लावला नाही. झरोक्यातून येणारा उजेड पुरेसा होता. रंधा, पटाशा, करवती एका पिशवीत भरायला त्यांना दहा मिनिटंही लागली नसती, पण ते आत जाऊन नुसते उभे राहिले.

दारं भिंतीला टेकून एकामागे एक ठेवलेली होती. पाटलाचं दार, कोर्टाचं दार, आगबोटीवरच्या केबिनीचं गोल खिडकीवालं दार. तीन पायऱ्यांचा जिना, जो कुठंच जात नव्हता. दादांनी पहिल्या दाराची कडी सरकवून ते उघडलं. मागे दुसरं दार होतं. तेही उघडलं. तिसरं. दुपारचं जेवण अंगावर आलं होतं, थंडावा होता, आणि त्यांना वाटलं, असंच एकेक उघडत गेलं तर कुठल्या तरी दारामागे बोलणं ऐकू येईल. ताई बहिऱ्या म्हातारीच्या कामात ओरडत असेल. धाकटा पडत असेल. अण्णा आरामखुर्चीत बसून म्हणत असतील, कोण आहे रे तिकडे? आणि ते ऐकू येतच होतं, अगदी बारीक, लाकडाला कान लावल्यावर वाळवी ऐकू यावी तसं. ते पायरीवर बसले. डोळे मिटले असतील थोडा वेळ.

"बाबा."

काडी दारात उभी होती. ऑफिसच्या कपड्यांत, बुटांना लाल माती लागलेली.

"अर्धी सुट्टी घेतली," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं होतं. मी नाटक बदलतेय. यात तुमचा काही संबंध नाही, मलाच ते जरा..."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

ती येऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. जिना करकरला नाही. दादांचा जिना कधीच करकरायचा नाही.

"मी लहान होते तेव्हा," ती म्हणाली, "शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला इथं घेऊन यायचात. तुम्ही सगळं उतरवायचात. भिंती, दारं, सगळं आत नेऊन ठेवायचात. मग केरसुणी घेऊन मंच झाडायचात. मी पहिल्या रांगेत बसून बघायचे."

"त्यात काय बघायचं? कचरा असायचा नुसता."

"मला तो नाटकाचाच भाग वाटायचा. शेवटचा अंक. सगळं गेलंय आणि एक माणूस सावकाश झाडतोय. मग तुम्ही मधोमध थांबायचात, केरसुणी धरून, आणि समोर खुर्च्यांकडे बघायचात. दर वर्षी. मला तो मंच हवाय, बाबा. तुमचाच आहे तो. मला दुसऱ्या कुणाचा माहीतसुद्धा नाही."

दादांनी पायरीजवळ पडलेली पटाशी उचलून तिच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"काय बघायचात तेव्हा?" तिनं विचारलं. "तुमचे ओठ हलायचे."

"खिळे मोजत असेन."

खिळे ते मोजत नव्हते. हॉल रिकामा असायचा, मुलगी एवढीशी, पाय जमिनीला न टेकणारी, आणि ते मंचाच्या मध्यावर उभं राहून म्हणायचे, पाहुणे आलेत, आत घेऊ का? आवाज न करता. वर्षातून एकदा. वाक्य प्रत्येक वेळी पुरं निघायचं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं, आणि आताही त्यांनी ते सांगितलं नाही. फक्त इतकी वर्षं कुणीतरी ते बघत होतं, हे त्यांना आज कळलं.

"नाटक बदलू नको," ते म्हणाले.

"तुम्ही नसाल तर मला नाही करायचं."

"मी हो म्हटलेलं नाही. बदलू नको एवढंच म्हटलं." ते उठले, पिशवी उचलली, मग दारात थांबले. "त्यांच्या पायात काय असणार? त्या तिघांच्या?"

"काही नाही. अनवाणी."

"अनवाणी," दादा म्हणाले.

ते बाहेर न जाता आतल्या बाजूनं मंचावर गेले. काडी मागे गेली नाही. तिथूनच तिला दिसलं की त्यांनी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यांवर बसले, आणि तळहात जमिनीवर टेकवून सावकाश फिरवला. मग हात झटकन मागे घेतला आणि बोटाकडे पाहिलं. कुसळ गेलं असावं.

*

बुधवारी पहाटे दादा घरातून निघाले ते दुपारी जेवायला आले, आणि पुन्हा गेले. गुरुवारी तसंच. आई विचारायला गेली नाही. आत्यानं फोन केला तर आईनं एवढंच सांगितलं की किल्ली परत त्यांच्या खिशात आहे.

शुक्रवारी कामावर जाण्याआधी काडी हॉलवर गेली. सूर्य नुकताच वर आला होता आणि झरोक्यातला उजेड अजून भिंतीवरच होता. दादा मंचावर ओणवे बसून पटाशीनं रंग खरवडत होते. मागच्या अर्ध्या भागात लाकूड उघडं पडलं होतं, मधासारखं. पुढचा भाग अजून काळा होता. बाजूला एका डब्यात वाकडेतिकडे खिळे होते, काठोकाठ.

"सातशे चाळीस," दादा वर न बघता म्हणाले. "मीच ठोकलेले. दर वर्षी भिंती उभ्या करायच्या म्हणून ठोकायचो, आणि वरून रंग मारायचो. खाली काय आहे ते बघितलंच नाही कधी. साग आहे. बर्फाच्या कारखान्याच्या वेळचा."

काडी बूट काढून वर चढली. जिथं काळं आणि उघडं लाकूड भेटत होतं तिथं रंगांचे थर दिसत होते, एकावर एक, नखाएवढ्या जाडीत. ती पोटावर पालथी पडून जवळून बघायला लागली.

"हा हिरवा कुठला?"

"बागेचं नाटक. तुझा जन्म झाला ते वर्ष. ताईनं बहिरी म्हातारी केली होती, आणि खरंच कुणाचं ऐकत नव्हती तालमीत."

"आणि हा राखाडी?"

"कोर्ट. धाकट्याचं पहिलं मोठं काम. दोन पानं गाळून एकदम निकालावर आला."

"हा विटकरी?"

दादांनी पटाशी खाली ठेवली. "हे अण्णांचं शेवटचं. खुर्चीतून उठायचं होतं शेवटी, उठता येत नव्हतं, म्हणून बसूनच केलं त्यांनी. लोकांना वाटलं तसंच आहे नाटकात."

ती बोटानं थर चाचपत राहिली. हिरव्यात आत्या, राखाडीत काका, विटकरीत अण्णा, आणि मधल्या सगळ्या काळ्यांत ती स्वतः पहिल्या रांगेत. तिला वाटलं, डोळे मिटले तर आपण यातून खाली खाली जाऊ. तिनं थोडा वेळ मिटलेही. पटाशीचा आवाज तिच्या कानाशी येत जात होता, आणि लाकडाचा वास, इतक्या वर्षांनी मोकळा झालेला.

"हे घासून जाणार ना सगळं?" तिनं विचारलं.

"जाणार."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की," दादा म्हणाले. "तुझ्या नाटकातल्या बापाला किती जागा लागते, ते तिघं बसतात कुठं, ते दाखव. तिथं मऊ करायला हवं जास्त. धाकट्याचे गुडघे काही आता पहिल्यासारखे नाहीत."

ती मधोमध जाऊन बसली आणि त्यांनी पेन्सिलीनं तिच्याभोवती एक रेघ ओढली.

*

रविवारी फलकावर यादी लागली. तिसऱ्या नाटकापुढे 'नेपथ्य' लिहावं की लिहू नये यावरून काका आणि आत्या फलकासमोर पाऊण तास बोलत राहिले. काका म्हणत होते, मंचावर काहीच नसताना लिहायचं कसं, लोक हसतील. आत्या म्हणत होती, हसू देत, तुझ्या दवाखान्यात येतील तेव्हा बघून घे. शेवटी काडीनं खडू घेतला आणि तिथं आपल्या वडिलांचं नाव लिहिलं. दादांनी ते वाचलं, "अक्षर सुधार," म्हणाले, आणि आत गेले.

पहिल्या वाचनाला सगळ्यांनी चपला मंचाच्या खाली काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. तेल पाजलेलं लाकूड समोर पसरलेलं होतं, उजेडाचा पट्टा त्यावर आला की त्याला आतून ऊब यायची, आणि त्याच्यावर बूट घालून जावंसं कुणाला वाटेना. काका मोजे घालून चढायला लागले तेव्हा मात्र दादा बोलले.

"मोजे काढ. घसरशील."

"जमीन गार असते रे, दादा."

"आता नाही."

काकांनी मोजे काढले आणि पाय टेकवला. दोनचार पावलं इकडेतिकडे चालून पाहिली, मुलं पाण्यात चालतात तशी. पाच दारांची मापं घातलेले कागद त्यांच्या खिशात होते. सकाळीच दादांनी दिले होते.

आईनं चौथ्या रांगेतल्या आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. दादा येऊन बसले. त्यांना तिथं बसायची सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत हे ठरायला थोडा वेळ गेला. समोरच्या खुर्चीचा एक स्क्रू ढिला होता, तो त्यांनी नखानं फिरवून पाहिला. मग आईनं त्यांचा हात धरून त्यांच्याच मांडीवर ठेवला.

मुलींची कामं करणाऱ्या दोघी मध्यावर बसल्या. काडीनं कागद हातात घेतले आणि विंगेकडे बघून मान हलवली. काका, म्हणजे बाप, आत आले, आणि पहिल्याच पावलाला एक फळी वाजली. मोठा आवाज नव्हता. घरात कुणी परत आलं की ऐकू येतो तेवढाच.

काका थांबले. त्यांनी पाय उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा वाजली. "दादा, इथली एक राहून गेलीय वाटतं. बाकी कुठंच वाजत नाही."

"राहून गेलेली नाही," दादा चौथ्या रांगेतून म्हणाले.

"म्हणजे?"

"ठेवली मी ती तशी. दार नाही ना तुम्हाला. माणूस आत आल्याचं कळायला नको का?"

काडीनं कागदांतून वर पाहिलं. ती फळीकडे बघत राहिली, मग खुर्च्यांकडे, आणि मग काकांना हातानंच खूण केली, परत जा.

काका विंगेत गेले. थोडा वेळ मंच तसाच राहिला, दोन मुली, विटांची भिंत, आणि लाकडावरून सरकणारा उजेड. मग ते पुन्हा आत आले, या वेळी सावकाश. फळी वाजली. दोन्ही मुलींनी वळून पाहिलं, आणि दादा खुर्चीत मागे टेकून बसले.